भागिले किती? बाळंतपणाच्या रजेतल्या पगाराचं गणित

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती खराडीतल्या एका कंपनीत आहे. आठवा महिना, रजा सुरू होऊन दोनच दिवस झालेले, कोथरूडला माहेरी येऊन पडलेली. एचआरची मेल आली होती: २६ आठवड्यांच्या रजेचे एकूण २,३८,३४९ रुपये. खाली हिशेब नाही, काही नाही. "मावशी, हे बरोबर आहे का ग? मी नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकून पाहिलं तर भलतंच काहीतरी येतंय."

भलतंच येणार होतं, कारण तो कॅल्क्युलेटर ब्रिटनचा होता. तिथे पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के आणि पुढचे ३३ आठवडे सरकारने ठरवलेली रक्कम किंवा ९० टक्के, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. आपला कायदा वेगळा, गणितही वेगळं. भोसरीतल्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं पगारपत्रकं केली. त्यामुळे भाचीला म्हटलं, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा पाठव, बाकी मी बघते.

हे गणित आत्ता सगळ्यांनाच नव्याने समजून घ्यावं लागतंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याची जागा घेतली. रजा तेवढीच राहिली, पात्रता तीच राहिली, पण 'पगार' या शब्दाचा अर्थ बदलला. आणि गणितात तोच शब्द सगळ्यात वर बसलेला आहे.

## गणित एका ओळीचं

रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांचा पगार घ्यायचा, त्याला दिवसांनी भागायचं. येते ती रोजची सरासरी. तिला रजेच्या दिवसांनी गुणायचं. झालं. टक्केवारी नाही, टप्पे नाहीत. ही सरासरी किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, एवढी एकच तळाची मर्यादा.

रजा २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस. त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. आधीच दोन किंवा जास्त हयात मुलं असतील तर रजा १२ आठवडे आणि त्यांतले आधी घेता येणारे सहा. इथे बाळंतपणं मोजत नाहीत, मुलं मोजतात. पहिल्यांदा जुळं झालं असेल तर पुढच्या खेपेला १२ आठवडेच. बाळाने तारीख ओलांडली म्हणून एकूण रजा वाढत नाही, नंतरची तेवढी कमी होते.

भाचीची तारीख २० मार्च. तिने २ फेब्रुवारीपासून रजा घेतली, म्हणजे ४६ दिवस आधी. तिथून १८२ दिवस मोजले की २ ऑगस्ट येतो, रविवार. सोमवारी ३ ऑगस्टला कामावर.

पात्रतेची अट लोकांना वाटते त्यापेक्षा सोपी आहे. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेलं हवं. कायद्याने भरपगारी ठरवलेल्या सुट्ट्या त्यात धरतात. पाच दिवसांच्या आठवड्याने हे साधारण सोळा आठवडे होतात. "मी अजून प्रोबेशनवर आहे", "कन्फर्मेशनचं पत्र आलेलं नाही" या काळज्या कायद्याच्या हिशेबात बसतच नाहीत. तो फक्त दिवस मोजतो.

## वरचा आकडा: पगार कशाला म्हणायचं?

भाचीचा महिन्याचा पगार ६०,००० रुपये. बेसिक २४,०००, घरभाडे भत्ता १२,०००, प्रवास भत्ता ३,००० आणि स्पेशल अलाउन्स २१,०००. (सीटीसीचा आकडा इथे कामाचा नाही. त्यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही कोंबलेली असते. सीटीसी भागिले बारा करून कंपनीशी भांडायला जाऊ नका, हसं होतं.)

जुन्या कायद्यात पगाराची व्याख्या सैल होती. रोख मिळणारे भत्ते त्यात येत, घरभाडे भत्ता तर नाव घेऊन लिहिलेला होता. बोनस आणि ओव्हरटाइम तेवढे बाहेर. त्या हिशेबाने पूर्ण ६०,००० धरले असते.

नव्या संहितेत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, बोनस, मालकाचा पीएफचा वाटा हे सगळं वगळण्याच्या यादीत गेलं. भाचीच्या पगारातून १२,००० आणि ३,००० गळाले. उरले ४५,०००.

एकूण रकमेत काय फरक पडतो पाहा. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी मिळून ९२ दिवस. ६०,००० ने मोजलं तर १८२ दिवसांचे ३,५६,०८७ रुपये. ४५,००० ने मोजलं तर २,६७,०६५. जवळजवळ ८९,००० चा फरक, आणि तोही रजेचा एक दिवस कमी न होता. नव्या संहितांवर एवढी चर्चा झाली. हातात येणारा पगार घटणार, ग्रॅच्युइटी वाढणार, सगळं बोलून झालं. बाळंतिणीच्या पैशावर काय परिणाम होणार हे मात्र मी फारसं कुठे ऐकलं नाही.

मग कंपन्या सगळाच पगार भत्त्यांमध्ये दाखवतील, असं वाटेल. त्याला संहितेने एक कुंपण घातलंय. ताट डोळ्यांसमोर आणा. उजवीकडे भाजी-आमटी, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. बेसिक आणि महागाई भत्ता उजवीकडचे, यादीतले वगळलेले भत्ते डावीकडचे. डावी बाजू निम्म्या ताटापेक्षा जास्त पसरली, तर जेवढी जास्त पसरली तेवढी उजवीकडची समजायची. विक्री विभागातल्या एखादीला बेसिक २२,०००, घरभाडे ११,०००, प्रवास ७,००० आणि कमिशन २०,००० मिळत असेल, तर एकूण ६०,००० पैकी डावीकडे ३८,००० झाले. निम्मे ३०,०००. वरचे ८,००० बेसिकमध्ये मिळवायचे आणि पगार ३०,००० धरायचा. थोडक्यात, निम्म्याखाली कुणालाच उतरता येत नाही.

आता स्पेशल अलाउन्स. तो वगळण्याच्या यादीत नाही. यादीत नाही म्हणजे पगारात आहे. तरी काही ठिकाणी नुसतं बेसिक धरून हिशेब करायची सवय असते. भाचीच्या बाबतीत तसं केलं असतं तर २४,००० वरून १,४२,४३५ रुपये निघाले असते, म्हणजे हक्काच्या निम्म्याहून थोडे जास्त. स्लिपेवरचा प्रत्येक भत्ता घ्यायचा आणि विचारायचं, हा यादीत आहे का? नसेल तर वर धरायचा.

"पण आमच्या कंपनीत तर पूर्ण पगार चालू ठेवतात!" ठेवत असतील, उत्तमच. कायदा सांगतो ते किमान, त्याच्या वर द्यायला कुणाची आडकाठी नाही. नोकरीच्या पत्रात किंवा कंपनीच्या धोरणात 'पूर्ण पगार' असं लिहिलेलं असेल तर ते पान आधी काढून ठेवा. भाचीच्या पत्रात 'कायद्यानुसार' एवढाच शब्द होता.

## खालचा आकडा: इथे गाडी घसरते

कंपनीने पगार ४५,००० च धरला होता, म्हणजे वरचा आकडा नव्या कायद्याप्रमाणे ठीक. तरी २,६७,०६५ च्या जागी २,३८,३४९ का? जानेवारीची स्लिप उघडली आणि उलगडा झाला. त्या महिन्यात पायांवर सूज, वाढलेला रक्तदाब, डॉक्टरांनी दहा दिवस झोपून राहायला सांगितलं. तिच्या खात्यात रजा उरलेली नव्हती, म्हणून दहा दिवस बिनपगारी. जानेवारीत ४५,००० ऐवजी ३०,४८४ रुपयेच धरले गेले.

कंपनीने तीन महिन्यांची बेरीज केली, १,२०,४८४, आणि तिला सरळ ९२ ने भागलं.

दुधाच्या हिशेबाशी ताडून बघा. तुमच्या घरी रोज दीड लिटर दूध लागतं. दिवाळीत दहा दिवस गावाला गेलात, दूध बंद ठेवलंत. महिन्याचं बिल तीस लिटरचं आलं. आता कुणी विचारलं, घरात रोज किती दूध लागतं? तीस लिटर भागिले तीस दिवस, म्हणजे एक लिटर, असं सांगाल का? दूध आलं ते वीस दिवस. तीस भागिले वीस, दीड लिटर. बंद ठेवलेले दिवस वरून वजा झालेले असताना ते खाली मोजायचे नसतात.

कायदा हेच सांगतो. त्या तीन महिन्यांत बाईने ज्या दिवशी काम केलं, त्या दिवसांच्या पगाराची सरासरी. ज्या दहा दिवसांचा पगारच नाही, ते भागाकारात येणार नाहीत. १,२०,४८४ भागिले ८२, म्हणजे रोजचे १,४६९ रुपये ३२ पैसे. १८२ दिवसांचे २,६७,४१५. कंपनीच्या आकड्यापेक्षा २९,००० नी जास्त.

यात कुणाची बदमाशी असते असं मला वाटत नाही. सॉफ्टवेअरमध्ये महिन्याचे दिवस आपोआप येतात, बिनपगारी दिवस कुणीतरी हाताने वजा करावे लागतात, आणि ते राहून जातं. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला ही चूक केलेली आहे. पॅकिंग विभागातल्या एका बाईने खिडकीशी येऊन विचारलं होतं, "ताई, मी आले नव्हते त्या दिवसांचे पैसे तुम्ही दिले नाहीत, मग ते दिवस कशाला धरले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

## ते दहा दिवस बिनपगारी असायलाच हवे होते का?

गरोदरपणामुळे उद्भवलेल्या आजारपणासाठी २६ आठवड्यांच्या वर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. जुन्या कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. बाळंतपणातली गुंतागुंत, अपुऱ्या दिवसांचं बाळ, गर्भपात यांतून आलेलं आजारपणही त्यात बसतं. गर्भपात झाल्यास मुळात सहा आठवड्यांची भरपगारी रजा वेगळी आहेच.

भाचीला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. सिस्टिममध्ये रजा शून्य दिसली, तिने 'बिनपगारी'वर टिचकी मारली. रक्तदाब वाढला म्हणून घरी बसणं आणि ताप आला म्हणून घरी बसणं यांत पगाराच्या दृष्टीने फरक आहे, हे ऐनवेळी कुणाच्या लक्षात येतं?

## शनिवार-रविवार का मोजायचे?

गुणाकारातला १८२ हा आकडाही काहींना खटकतो. कंपनी आठवड्याला पाचच दिवस चालते, मग २६ गुणिले पाच, १३० दिवसांचे पैसे पुरेत की.

हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मिटवला आहे. तमिळनाडूतल्या मळ्यात काम करणाऱ्या एका बाईला १२ आठवड्यांच्या रजेपोटी मालकाने ७२ दिवसांचे पैसे दिले. रविवारी मजुरी नसतेच, असं त्याचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, आठवडा म्हणजे ओळीने सात दिवस, रविवारसकट. पैसे ८४ दिवसांचे.

रोजंदारीवर असणाऱ्या बाईला यामुळे एरवीच्या कमाईपेक्षा थोडं जास्तच मिळतं, कारण तिची सरासरी फक्त कामाच्या दिवसांवर निघते आणि गुणाकार सातही दिवसांचा होतो. मासिक पगाराच्या नोकरीत रविवारचा पगार महिन्यात धरलेलाच असतो, म्हणून सहसा खाली कॅलेंडरचे दिवस आणि वर १८२ असा हिशेब करतात. माझ्या मते तो रास्त आहे. रास्त नाही ते म्हणजे दोन मापं वापरणं: भागताना ९२ आणि गुणताना १३०. गव्हाला पायली आणि ज्वारीला शेर लावून कोण बेरीज करतं?

## एकवीस हजारांच्या आत पगार असेल तर

मग हिशेबही वेगळा आणि देणाराही. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले, ज्यांच्या स्लिपेवर ईएसआयची ०.७५ टक्के कपात दिसते, त्यांना रजेचे पैसे कंपनी देत नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. चाकण-भोसरीच्या लाइनवर काम करणाऱ्या कितीतरी मुली यात येतात. २६ आठवडे, पूर्ण सरासरी, हे तसंच. पण सरासरी तीन महिन्यांची नसून विम्याच्या सहामाहीवरून निघते, आणि आधीच्या दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. दवाखान्याची सोयही महामंडळाची, बिबवेवाडीला त्यांचं रुग्णालय आहे.

सरकारी नोकरीत आणखी वेगळं: १८० दिवस, स्वतःचे रजा नियम. तिथे हा लेख लावू नका.

## "सगळा भार कंपनीनेच का सोसायचा?"

हा आक्षेप मी खोटा म्हणणार नाही. ईएसआयच्या बाहेरच्या बाईचे सगळे २६ आठवड्यांचे पैसे आपल्याकडे मालकाच्या खिशातून जातात. ब्रिटनमध्ये मालक आधी देतो आणि बहुतेक रक्कम सरकारकडून परत मिळवतो. आपल्याकडे तशी सोय नाही. हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीला ते जाणवत नसेल, पण पंधरा माणसांच्या ऑफिसला जाणवतं. मग मुलाखतीत "लग्न झालंय का? काही प्लॅनिंग?" असले प्रश्न येतात. हा या कायद्याचा सगळ्यात कच्चा दुवा आहे असं मला वाटतं.

वाद जुना आहे. आपल्या मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. त्याचं विधेयक १९२८ साली विधिमंडळात आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा देताना हेच मांडलं होतं: आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भाग खरं तर सरकारने उचलायला हवा, पण मालकालाही बाईच्या कामाचा फायदा होतो, तेव्हा त्याला अंग काढून घेता येणार नाही. शंभर वर्षं होत आली, सरकारचा वाटा अजून चर्चेतच आहे.

पण हे भांडण सरकार आणि मालकाचं. त्यात बाळंतिणीचा हक्क अडकून पडत नाही. कंत्राटी म्हणूनही तो नाकारता येत नाही. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर बायकांना तो लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितलं. आणि कराराची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी लाभ पूर्ण मिळायला हवा, असं २०२३ मध्ये.

## पैसे हातात कधी पडतात?

बहुतेक कंपन्या महिन्याच्या महिन्याला, पगारासारखेच देतात. पण कायद्यातली पद्धत वेगळी आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. अपेक्षित तारखेआधीच्या दिवसांचे पैसे गरोदरपणाचा पुरावा दिला की आगाऊ. उरलेले सगळे, बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. कंपनीने बाळंतपणाची वैद्यकीय सोय फुकट केलेली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. कंपनीकडून येणारी रजेची रक्कम पगार म्हणूनच धरली जाते, त्यामुळे प्राप्तिकर लागतो. रजेच्या काळात कामावरून काढता येत नाही, आणि ग्रॅच्युइटीच्या सेवेत ही २६ आठवड्यांची रजा धरली जाते.

भाचीने कंपनीला मेल पाठवली, दोन ओळींची. पहिली: भागाकारात ९२ का, ८२ का नाहीत? दुसरी: जानेवारीतल्या दहा दिवसांचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडते आहे. कायदा, कलम, धमकी काही नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, आकडा दुरुस्त होऊन २,६७,४१५ झाला. दहा दिवसांचं अजून 'तपासून कळवतो' असं चाललंय. नाहीच कळवलं तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो, पण तिला इतक्यात तिकडे जायचं नाही.

आधीच्या ४६ दिवसांचे साधारण ६७,६०० रुपये गेल्या आठवड्यात जमा झाले. उरलेल्या जवळजवळ दोन लाखांसाठी जावईबापूंनी मेल आत्ताच लिहून ठेवलीय. मजकूर तयार आहे, फक्त तारखेची जागा मोकळी आहे.